माझे डोहाळे, तिची भाकर

शाळेत मी कधी गेले नाही. मला अक्षर आलं ते माझ्या धाकट्या नणंदेकडून. ती चौथीत होती, मी घरातली नवी सून. संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि ती चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं काढून दाखवायची. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमच्या अमडापूरकडच्या त्या लहान गावात चौथी पास झालेली मुलगी अजून एकही नव्हती. ही होईल, असं मी मनात धरलं होतं. खरं सांगू का, ती शिकली तरच माझंही शिकणं पुढं जाणार होतं.

तर त्या वर्षी पोळा झाला आणि मास्तर घरी आले. सासऱ्यांना म्हणाले, "मुलगी वर्गात पाटीवर डोकं ठेवून झोपते. विचारलं तर नुसती पाहत राहते. डोकंच चालत नाही, तर उगाच कशाला बसवता?"

सासरे साधे. म्हणाले, "बरं गुरुजी. दिवाळीपासून ठेवतो घरी. बकऱ्या तरी राखील."

नणंद दाराआड उभी होती. रडली नाही, अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

मला काही ते पटेना. कारण बाजाराच्या दिवशीची ती मी पाहिलेली होती. आमचा भाजीपाल्याचा मळा. बाजाराला निघताना परत यायची वेळ ठरलेली नसायची, म्हणून त्या दिवशी पहाटेच सगळे जेवून घेत, बायापोरीसुद्धा. मग मेथीच्या जुड्या बांधता बांधता हीच पोरगी पुड्यांचे कागद घडाघड वाचून दाखवायची. मी म्हणायची, हळू वाच बाई, मला अक्षर तर दिसू दे.

आणि बाकीचे दिवस? माणसं पहाटे मळ्यात पाणी द्यायला जायची, दुपारच्या सुमारास जेवायला यायची. त्यांचं झाल्याशिवाय बाईमाणसानं भाकरीच्या टोपलीला हात लावायचा नाही, ही घराची रीत. शाळा त्याच्या आधी भरायची. पोरगी कोऱ्या चहावर जायची आणि संध्याकाळीच खायची, तेही उरलंसुरलं. आता डोकं काय वाऱ्यावर चालतं?

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ताईले सकाळी अर्धी भाकर देत जाऊ का?"

"काऊन व? तिले काय वखर हाकाचा हाये?"

"उपाशी पोटी झोप लागते तिले शाळेत."

"लेकीची जात एरंडासारखी वाढते, माय. खाऊ घातलं का दोन वर्षांत खांद्याले लागते. मंग नवरदेव तू पाहून देशील का?"

दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "मायबापाच्या घरी रोज पहाटे पंगत बसत होती वाटते." पण मी विचार सोडला नाही.

मला तेव्हा पाचवा महिना होता. बाई पोटुशी असली की तिचे डोहाळे पुरवायचे, नाही पुरवले तर लेकराचा कान वाहतो, असं आमच्याकडं सगळे मानत. सासूबाई तर फारच. माझ्यासाठी चिंचा, बोरं, भाजलेली माती, काय म्हणाल ते आणायला तयार. एका सकाळी मी चुलीपुढंच बसून राहिले आणि म्हटलं, "आत्याबाई, मले डोहाळे लागले."

"कायचे?"

"ताईले जेवताना पाहाचे. ती जेवल्याबिगर माह्या तोंडात घास फिरत नाई."

"असे कुठी डोहाळे असतात का व?"

तेवढ्यात आमची सुईण सरपणाला म्हणून आली. सासूबाईंनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "डोहाळे कायचेबी लागतात, बाई. एकीले चुन्याची भिंत चाटाव वाटे. पुरवून द्या. कान वाह्यला तर रात्रंदिवस तुम्हीच पुसान."

सासूबाई पुटपुटल्या, पण टोपली पुढं सरकवली. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वर ताक. नणंद माझ्याकडं पाहत पाहत खात होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

दिवाळीला सासरे मास्तरांकडं नाव काढायला गेले, तर मास्तर म्हणाले, "राहू द्या आता. हात वर करते हल्ली." सासरे तसेच परत आले.

संक्रांतीनंतर मला मुलगी झाली. डोहाळे संपले आणि बाळंतिणीला चुलीकडं जायची बंदी. परीक्षा तोंडावर. खाटेवर पडल्या पडल्या माझा जीव स्वयंपाकघरात. सकाळी टोपलीचं झाकण वाजलं आणि सासूबाईंचा आवाज आला, "आता कोनाचे डोहाळे?"

"कोनाचेच नाई, माय. मले भूक लागली," नणंद म्हणाली.

मी कोपरावर उठून कान दिला.

"मंग बसून खाय," सासूबाई म्हणाल्या. "उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाई."

ती पास झाली. पाचवीत गेली, तेव्हा तिचं चौथीचं पुस्तक मी मागून घेतलं. पहिल्याच ओळीत जोडाक्षरावर अडले. तेवढ्यात मांडीवरची पोरगी रडायला लागली. तिला पदराखाली घेतलं, आणि ती ओळ पुन्हा पहिल्या अक्षरापासून धरली.