अर्धं बॉनेट

दुपारचं जेवण झालं आहे आणि मी पोर्चमधल्या आरामखुर्चीत पडलो आहे. समोर गाडी. डोक्याखाली हेमलताच्या जुन्या साड्यांचं गाठोडं. गाडी पुसायला चिंध्या हव्यात म्हणून सकाळी तिच्या कपाटातून काढलं. फाडायचा धीर होईना, म्हणून उशाला घेतलं. निवृत्त विनोदी लेखकाला एवढा उद्योग दिवसभर पुरतो.

बॉनेटवर डावीकडे ताटाएवढा काळपट ढग आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही नवराबायकोनं गाडीला घरीच सिरॅमिक कोटिंग केलं, त्याची ही शिल्लक. ते औषध लावलं की रंगावर सांडलेल्या तेलासारखं इंद्रधनुष्य उमटतं. उमटलं की लगेच पुसायचं. उशीर झाला तर काचेसारखं घट्ट बसतं; मग पॉलिशनं घासून काढायचं आणि तेवढ्या भागाला पुन्हा लावायचं. आज घासणार आहे. गेल्या आठवड्यातही आजच घासणार होतो. पापण्या जड होतात. ढग बॉनेटवरून उतरून फरशीवर पसरतो.

"झोपलात की काय? इंद्रधनुष्य आलंय."

हेमलता गाडीपाशी उभी आहे. तिला जाऊन दीड वर्ष झालं हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं. आम्ही दोघंही विषय काढत नाही.

मी फडकं शोधायला वळतो, तर पोर्चमध्ये खुर्च्यांच्या रांगा लागलेल्या आहेत आणि गाडी व्यासपीठावर आहे. मी माईकसमोर माझा गाजलेला लेख वाचतो आहे: नव्या कोटिंगवर बायकोनं इरकलीचा पदर फिरवून बॉनेटचं कसं वाटोळं केलं. लोक हसतात. तिसऱ्या रांगेत हेमलताही हसते, तोंडाला पदर लावून, नेहमीसारखी. पदर जरा वाजतो.

लेखात एक गोष्ट नव्हती. इंद्रधनुष्य उमटलं तेव्हा मी संपादकांशी फोनवर बोलत होतो, चांगला वीस मिनिटं, आणि सगळी फडकी माझ्या खांद्यावर होती. ती हाका मारून दमली. शेवटी अंगावरच्या कोऱ्या साडीच्या पदरानं तिनं उजवी बाजू वाचवली. डावीकडे पोचेपर्यंत तिथलं घट्ट बसलं होतं. हे मी लिहिलं नाही. लेखकाच्या फोनवर कोण हसतं? बायकोच्या पदरावर सगळी सांगली हसली.

टाळ्या थांबतात आणि औषधांचा वास येतो. दवाखान्याची खोली. सलाईन लावता लावता सिस्टर विचारते, "काकू, तुम्हीच ना त्या, पदरानं गाडी पुसणाऱ्या?"

हे स्वप्नातलं नाही. हे असंच झालं होतं, आणि मी शेजारीच स्टुलावर बसलो होतो. हेमलता म्हणाली होती, "हो, मीच ती." तिसऱ्या दिवशी ती गेली.

आताही ती तेच म्हणते. या खेपेला मात्र मी स्टुलावरून उठतो. "सिस्टर, तो लेख खोटा आहे. फोनवर मी होतो. हिनं गाडी वाचवली."

सिस्टर कुठेच नाही. पोर्च आहे, गाडी आहे, हेमलता आहे.

"आता सांगताय," ती म्हणते.

"तू का नाही बोललीस तेव्हा?"

"त्या सिस्टरनं तुमचं वाचलेलं निघालं, तर तुमचा चेहरा केवढा फुलला होता. महिन्याभरात पहिल्यांदा. त्यावर मी पाणी ओतू?"

मी विचारतो, राग नाही आला?

"आला ना. साडी कोरी होती."

"चुकलं माझं, हेमा."

ती बॉनेटवरून हात फिरवते. धूळ लागली का ते बघावं तशी बोटं बघते. म्हणते, डाग खुशाल घासा, पण हौसेनं अख्खं बॉनेट घासायला घेऊ नका. "उजवीकडचं माझं आहे." मग खुर्चीपाशी येऊन माझ्या गालात बोट खुपसते. "उठा आता. ऊन आत आलं तर औषध लावता येत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा."

गाल दुखतो आणि मी जागा होतो. पोर्चमध्ये गाडी आणि मी. गालाखाली काहीतरी टोचतं आहे. गाठोड्यातून ओढून काढतो: ती इरकल. पदराचा हातभर भाग पापडासारखा कडक. औषध धाग्यांत काच होऊन बसलं आहे. पुष्कळदा धुऊन पाहिलेलं दिसतं. रंग विटला आहे, कडकपणा तसाच. साडी नीट घडी घालून ठेवलेली होती.

मी उठून बॉनेटवर वाकतो. डावीकडे मी दिसत नाही. उजवीकडे सरकतो. तिथे चेहरा स्वच्छ दिसतो, आणि गालावर लाल उठलेला पदराचा काठ.