कोऱ्या बाजूचा डाग

आमच्या गल्लीत कुणाच्या सदऱ्यावर कसला डाग पडलाय, हे सगळ्यात आधी मला कळतं. यात माझा काही दोष नाही. ओसाकाच्या पूर्वेला, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत माझं कपडे धुवायला घेण्याचं दुकान आहे आणि लोक आपले डाग आपल्या हातांनी आणून देतात. मी फक्त चिठ्ठीवर लिहून घेते. सोया सॉस, कॉलर, डावी बाजू. ओठांची लाली, खांदा, 'बायकोला सांगू नका'.

दुकानाच्या वर कुवाशिरो फुमियोबाई राहतात. त्यांचा एकही डाग मला इतक्या वर्षांत सापडला नव्हता, म्हणून त्या मला जरा खुपायच्याच. लग्न केलं नाही. छत्रीच्या काड्या बनवणाऱ्या हिनोकुमा कंपनीत मालकांच्या चिटणीस म्हणून लागल्या आणि साठाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाल्या. १९८७ साली मालकांना कड्यांच्या डायरीचं वेड लागलं. तेव्हा सगळ्यांनाच लागलं होतं. कातडी वेष्टण, आत सहा कड्या, हवं ते पान काढा, हवं ते घाला. मालकांचं वेड चार महिन्यांत उतरलं. बाईंचं पंचवीस वर्षं टिकलं.

एका दिवसाला एक पान. पुढच्या बाजूला छापील तारीख आणि तास, तिथे मालक: सकाळी नऊला बँक, अकराला दात, दुपारी नगोयाचे पाहुणे. मागची बाजू कोरी असायची, तिथे बाई स्वतः. वर्षाची सगळी पानं त्या सहा कड्यांत मावतात कुठली? म्हणून महिना संपला की त्या कड्या उघडायच्या, जुनी पानं काढायच्या आणि स्वस्तातल्या रुंद कड्यांच्या फायलीत लावून टाकायच्या. वर्षाला दोन फायली. पाठीवर कागदाची पट्टी, साल आणि महिने. सगळ्या अंथरुणांच्या कपाटात, खालच्या खणात. ओल लागू नये म्हणून नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पाकिटातल्या ओलावा शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या जपून ठेवून मधे खोचायच्या. नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की पन्नास फायली गॅलरीत उभ्या, जणू गाद्या वाळत घातल्यात.

"कुवाशिरोसान, मालकांच्या दाताला ऊन देताय?" मी खालून ओरडायची.

"तोमोएसान, तुमच्या जिभेलाही द्या जरा," त्या वरून म्हणायच्या.

मागच्या बाजूला काय लिहिलंय ते मला एकदाच दाखवलं. बाईंची आई शेवटची चार वर्षं त्यांच्याजवळ होती आणि तिला काही आठवेनासं झालं होतं. आई रोज काहीतरी विलक्षण बोलायची आणि बाई रोज त्यातलं एक वाक्य उतरवून ठेवायच्या. 'आज आई मला म्हणाली, तुम्ही फार चांगल्या बाई आहात, तुमची आई कोण?' मी हसले, मग नाक पुसलं. बाई म्हणाल्या, "मला यातलं एकही आठवत नाही हो. मी लिहिलं की विसरायची. कागदाला आठवतं म्हणून."

तर दोन वर्षांपूर्वी हिनोकुमा कंपनीला सत्तर वर्षं झाली आणि पुस्तिका काढायचं ठरलं. मालक वारलेले, मुलाला जुनं काहीच ठाऊक नाही. मग बाईंची पानं मागायला आली हागिवारा मिहो, कार्यालय विभागाची प्रमुख. मिहोला या बाईंनीच शिकवून तयार केलं होतं. फोन कसा उचलायचा, चहा कुणाला आधी द्यायचा, मालक चिडले की खिडकी उघडायची. ती बाईंना ताई म्हणायची. त्या दिवशी कास्तेल्ला केकचा डबा घेऊन आली. मी तिथेच होते, बाईंचा हिवाळी कोट पोचवायला गेले होते. कोट पोचवून तासभर झाला होता, ते सोडा.

"ताई, सगळी पानं स्कॅन करून घेते. तुम्हाला सीडी मिळेल. पिवळी पडायची भीती नको."

"दोन्ही बाजू हं, मिहोचान."

"दोन्ही बाजू."

"आणि पानं परत."

"अहो ताई, मी तुमची मिहो ना? पान न् पान परत."

बाईंनी तरी तिसऱ्यांदा विचारलं. मिहोनं तिसऱ्यांदा हो म्हटलं. मग दोघींनी मिळून फायली खोक्यांत भरल्या. मी केक कापला.

दीड महिन्यानं कुरियरवाला दोन खोकी ठेवून गेला. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी वर चढवली. छोट्या खोक्यात पुस्तिका, सीडी आणि कागदपत्रं. मोठं उघडलं तर आत बारा टॉयलेट रोल. वर छापील चिठ्ठी: आपल्या गोपनीय कागदपत्रांचा लगदा करून त्यांना नवा जन्म दिला आहे, आभारी आहोत.

आणि मी, देवानं मला तोंड का दिलं कुणास ठाऊक, म्हणाले, "वा, कुवाशिरोसान! मालकांचे दात शेवटी कुठे पोचले बघा!"

बाई हसल्या नाहीत. चिठ्ठी पुन्हा वाचत होत्या. मग जमिनीवरच बसल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सीडी मी खाली दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावली. पुढच्या बाजू सगळ्या होत्या. बँक, दात, नगोया. मागची एकही नाही.

"शाई!" बाई एकदम म्हणाल्या. "मी शाईचं पेन वापरायची. कागद पातळ. मागचं लिहिलेलं पुढे फिकट उलटं दिसायचं. मोठं करा, आरसा धरू."

मी पान मोठं केलं, आणखी मोठं केलं. बाईंनी पर्समधला आरसा पडद्यासमोर धरला. पांढरंशुभ्र. मी हाताने धुतलं असतं तरी इतकं निघालं नसतं.

मग मी ती कागदपत्रं वाचायला घेतली. चिठ्ठ्या वाचणं हा माझा धंदा आहे. स्कॅनच्या मागणीपत्राची प्रत होती, खाली सहीच्या जागी मिहोचा, हागिवारा आडनावाचा लाल शिक्का. 'मागची बाजू: कोरी, घेऊ नये', पुढे खूण. त्याखाली चार ओळी सोडून, 'मागून उमटलेली शाई पुसावी', पुढे खूण.

"कुवाशिरोसान," मी म्हटलं, "बाजू कोरी, तर डाग कसला काढायला सांगितला?"

बाईंनी कागद हातात घेतला. त्या दोन खुणा बघितल्या. मग म्हणाल्या, "नीट खूण करायला मीच शिकवलं होतं तिला. बघा, चौकटीबाहेर जात नाही."

शनिवारी दुपारी मिहो आली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी जा असंही म्हटलं नाही. बाईंनी चहा ठेवला नाही. इथेच मिहोला समजायला हवं होतं.

"ताई, मशीनवाल्यांची चूक झाली. मला फार—"

बाईंनी मागणीपत्र पुढे सरकवलं. दोन खुणांवर दोन बोटं ठेवली.

मिहोचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "१९९८ चा ऑगस्ट," ती म्हणाली. "पाठवण्याआधी चाळत होते. तिथे मी होते. माझं पूर्ण नाव, आडनावासकट."

त्या ऑगस्टात मिहोचं काय झालं होतं, ते मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण एवढं राहू दे. तिनं ते जगात एकट्या फुमियोबाईंना सांगितलं होतं, सामानाच्या खोलीत, रडत.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, ताई. कागदाला नाही," मिहो म्हणाली. "ऑफिसातले चार जण ती पानं हाताळणार होते."

बाईंना हे लागलं. मी बघितलं. पण त्या म्हणाल्या, "मग मागायचं होतंस. कड्या आहेत त्या, मिहो. उघडल्या की एक पान निघतं. बाकीच्यांना धक्का लागत नाही. त्यासाठीच असतात त्या."

"एक पान गेलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. मी वाचलं म्हणून."

"आणि सगळी गेली म्हणजे?"

"म्हणजे कंपनीची पद्धत, स्कॅन झालं की लगदा. कुणाचाच दोष नाही."

असं म्हणून तिनं कपाळ चटईला टेकवलं. आमच्याकडे कुणी इतकं वाकलं की समोरच्यानं लगेच 'अगं, डोकं वर कर' म्हणायचं असतं. बाई म्हणाल्या नाहीत. माझ्याच जिभेवर आलं होतं, मी गिळलं.

"तू वाचलीस ना पानं?" बाई म्हणाल्या. "तूच शेवटची. आई काय काय म्हणाली ते सांग."

मिहो खालूनच म्हणाली, "बाकीची वाचली नाहीत, ताई. फक्त माझं."

"मग तुझं सांग."

"पाठ आहे," मिहो म्हणाली आणि चटईकडे बघतच म्हणायला लागली. पहिल्या ओळी तिच्याबद्दल होत्या. मग: "'घरी येऊन आईला सांगितलं. आईला नाव कळलं नाही. म्हणाली, त्या पोरीला घेऊन ये, भात जास्तीचा लावलाय. मी म्हटलं, आई, भात लावलेलाच नाही. म्हणाली, मग लाव.'"

बाई उठल्या. टेबलाच्या खणातून एक कोरं पान काढलं, पेन काढलं. "भात जास्तीचा लावलाय, की लावला आहे?"

"लावलाय."

बाईंनी फक्त शेवटच्या, आईच्या ओळी लिहिल्या. मिहोच्या ओळी लिहिल्या नाहीत. पान कड्यांत अडकवलं आणि कड्या मिटल्या.

"आता ऊठ. आणि ते मोठं खोकं घेऊन जा."

मिहो बारा रोलचं खोकं छातीशी धरून जिना उतरली. भर दुपारी, कंपनीच्या पोशाखात. कोपऱ्यावरच्या मासेवाल्यानं मला डोळ्यांनी विचारलं, काय हो? मी खिडकी लावून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

"माफ केलंत तिला?" मी विचारलं.

"नाही."

"मग लिहून का घेतलंत?"

बाई पेनाचं टोपण लावत होत्या. "तिचं कुठे घेतलं? ते आईचं आहे."