मोठं कोण, ते मशीन सांगेल

पुलगावात मी पाच वर्षं सी लँग्वेज शिकवली. त्यातली सी विद्यार्थी केव्हाच विसरले, मीही बरीच विसरलो. पण किस्से मात्र एकही डोक्यातून जायला तयार नाही. चहाला बसलो की निघतातच!

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. खाली शेठजींचं साड्यांचं दुकान, वर त्यांचीच कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट. चार कॉम्प्युटर, चपला बाहेर. शिकवायला दोघं, मी आणि वानखडे मॅडम. त्या वर्षी शेठजींनी जाहीर केलं, "पुढच्या साली एकच जण ठेवीन. ज्याच्या बॅचचे जास्त पोरं पास, तो राह्यला. दुसऱ्यानं रामराम!"

माझं नुकतंच लग्न जमलेलं. सासरी 'कॉम्प्युटरवाले जावई' अशी ओळख करून देणं सुरू झालेलं. माझी झोपच उडाली.

* * *

मी फळ्यावर if-else समजावत होतो. मार्क चाळीस किंवा जास्त असतील तर PASS, else म्हणजे नाहीतर FAIL. शेठजी मागून आले.

"सर, हे फेल काऊन लिहून राह्यले?"

"कमी मार्क असतील तर..."

"आपल्या क्लासचं पोरगं, अन् आपलीच मशीन त्याले फेल म्हणते? else मध्ये बी पास टाका!"

टाकलं. पालकांना डेमो दाखवायला तो प्रोग्राम फार उपयोगी पडला.

* * *

प्रशांत माझ्या बॅचमधला सगळ्यात हुशार. पास होणाऱ्यांत पहिला मी त्यालाच धरला होता. तीन आकड्यांतला मोठा शोधायचा प्रोग्राम त्याने पाच मिनिटांत केला. दहा, वीस, तीस टाकले, उत्तर तीस. मी खूष! मग मी पन्नास टाकला. उत्तर तीस. शंभर टाकला. तरी तीसच!

आत पाहिलं तर if चा पत्ता नाही. 'तीस मोठा' एवढंच छापायला सांगितलेलं.

"अरे, हे काय?"

"सर, तुम्ही दर बॅचले दहा-वीस-तीसच देता. भावाच्या वहीत बी तेच आहे. फुकट डोकं काऊन लावू?"

* * *

सुनीताने एकदा विचारलं, "सर, else लिहाच लागते का?"

"लिहावं. दुसरा रस्ता मोकळा ठेवावा माणसाने."

"आमच्या घरी नाई ठेवत," ती म्हणाली, आणि पुढचं टाइप करू लागली.

* * *

डेपोतून रिटायर झालेले एक काका हौसेनं सी शिकायला यायचे. वय अठरा किंवा जास्त असेल तर 'तुम्ही मतदान करू शकता' असं छापणारा प्रोग्राम त्यांनी केला. स्वतःचं वय टाकलं आणि एकदम गंभीर झाले. मतदार यादीतून त्यांचं नाव दोन वर्षांपूर्वी गळालेलं! त्यांनी प्रिंट काढली आणि थेट तहसील गाठलं.

मला वाटलं, हाकलून देतील. संध्याकाळी काका परत आले.

"सर, अजून एक प्रिंट काढून द्या. दोन प्रतीत पाहिजे म्हणे."

* * *

निकाल यायच्या आधी शेठजींनी ठरवलं, आम्हा दोघांचा निवाडा कॉम्प्युटरनेच करायचा. "माणूस पार्शलिटी करते. मशीन करत नाई." प्रोग्राम लिहायचं काम आलं माझ्याकडे!

मी मोठ्या सचोटीने लिहिला. मॅडमचा आकडा माझ्यापेक्षा मोठा असेल तर मॅडम, else मी. म्हणजे बरोबरी झाली तरी मीच. आता एवढं तर कोणीही करेल! वर फ्लॉपी मॅडमच्या हातात देऊन मानभावीपणे म्हणालो, "एकदा तपासून घ्या. उद्या मनात शंका नको."

दोन दिवसांनी त्यांनी परत केली. "चांगला लिहिला, सर."

निकाल लागला. माझे सतरा पास, मॅडमचे सतरा! मी मनातल्या मनात सासऱ्यांना फोनही करून टाकला. मॅडमना म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका. मशीनपुढे कोणाचं चालतं?"

शेठजींनी मॉनिटरला उदबत्ती ओवाळली. एका बोटाने सतरा टाकले, पुन्हा सतरा टाकले, एंटर दाबलं.

स्क्रीनवर मॅडमचं नाव!

मी मॅडमकडे पाहिलं. त्या शांतपणे पर्सची चेन लावत होत्या.

"सर, 'मोठा'च्या चिन्हापुढं एक बरोबरचं चिन्ह राहून गेलतं तुमच्याकडून. मी टाकून देल्लं."