चेक केल्याशिवाय

प्लॅस्टिकचं पिस्तूल दुकानदाराच्या हातातच फुटलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी काउंटरपाशी मिक्सरचं बटण घ्यायला उभी होते.

दिल्लीत मुनिरक्यातल्या त्या गाळ्यात तो थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकच्या वस्तू छापून द्यायचा. कुकरच्या मुठी, कॉलेजच्या मुलांच्या प्रोजेक्टचे नमुने, काहीही. पण स्वतः वापरून पाहिल्याशिवाय एकही वस्तू द्यायचा नाही. माझ्या बटणासाठी त्याने मला घरून अख्खा मिक्सर आणायला लावला. "आंटीजी, बिना चेक के मेरी दुकान से कुछ नहीं जाता," हे दर खेपेला ऐकवायचा.

त्या दुपारी एक प्रॉपर्टी डीलर पिस्तूल न्यायला आला. गोळी त्यानेच आणली होती.

"लायसन्स मिलता नहीं," तो मला म्हणाला. "घर में माँ अकेली रहती है."

"तो माँ को कुत्ता ला दो," मी म्हटलं.

दुकानदार हसला. मी त्याला म्हटलं, "भैया, ये चीज मत दो."

"पहले चेक तो करूँ, आंटीजी." त्याने मला मागे सारलं, पिस्तूल भिंतीकडे धरलं आणि चाप ओढला.

लोक म्हणतात, बिचारा फसला. फसला वगैरे काही नाही. आपण काय बनवतोय हे त्याला नीट ठाऊक होतं. पण चेक न करता दिलं असतं, तर ते त्या म्हातारीच्या हातात फुटलं असतं.

गाळ्यात आम्ही तिघं होतो, तिघंही जगलो. डीलरची आईही जिवंत आहे.