शंकरअण्णांची गाडी तापते तेव्हा

आज सकाळपासून ऊन असं, की बसवनगुडीतली झाडंसुद्धा पान हलवायला तयार नाहीत. असं ऊन पडलं की मला शेजारच्या शंकरअण्णांची जुनी पांढरी गाडी आठवते. तिचे किस्से इतके साठलेत, की एक काढायला जावं तर मागून चार येतात.

अण्णा आणि त्यांची बायको गिरिजाक्का बेळगावकडचे, मीही तिकडचाच. म्हणून गाडीत मागची सीट माझी आणि मांडीवर पाण्याचा कॅन. गाडी तापली की पाणी घालायचं, हे खातं माझ्याकडे!

*

सुरुवातीला अण्णा मला तोऱ्यात सांगायचे, "मामा, टेम्परेचरचा काटा बघा. जागचा हलतोय का? आपली गाडी तापतच नाही!"

बॉनेटमधून भसाभस वाफ आली, तेव्हाही काटा जागचा हलला नव्हता. तो कधीचाच बिघडला होता!

*

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तर कहर. अण्णांनी गाडीच्या तोंडाला केळीचे खुंट बांधले, वर झेंडूचा हा एवढा जाड हार. पुढची जाळी पार झाकून गेली. रेडिएटरला वारा लागणार कुठून? पहिल्याच सिग्नलला तापली!

मी म्हटलं, "अण्णा, हार काढूया."

"पूजेचा हार खाली ठेवायचा? छे छे!"

शेवटी हार निघाला, पण खाली नाही ठेवला. माझ्या गळ्यात घातला! घरापर्यंत लोक मला हात जोडत होते.

*

दर रविवारी देवनहळ्ळीला लेकीकडे जायचं. वाटेत एका मोठ्या झाडापाशी गाडी हटकून तापायची. अण्णांचे हात रेडिएटरचं झाकण उघडायला शिवशिवायचे.

"अण्णा, वाफ तोंडावर येईल. थंड होऊ दे आधी."

"सरी मामा, सरी. थांबतो."

मग काय करणार? अण्णा झाडाखाली टॉवेल अंथरायचे, अक्कांना काकडी सोलून द्यायचे. घरी ह्या माणसाची मान मोबाइलमधून वर निघत नाही. तिथं मात्र गप्पा, आणि अक्कांचं हसणं! मी कॅन घेऊन जरा लांब बसायचो.

*

वरच्या मजल्यावरचा पुण्याचा समीर एकदा म्हणाला, "अंकल, तापायला लागली की एसी बंद आणि हीटर फुल! इंजिनची हीट आत खेचली जाते."

अण्णांनी भर उन्हात, भर ट्रॅफिकमध्ये हीटर सोडला. गाडी थंड झाली. अक्का तापल्या!

"परत एकदा ही गाडी तापू दे, थेट भंगारात!"

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. ह्याच गाडीतून त्यांनी लेकीला सासरी सोडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी अण्णा गॅरेजात. नवा रेडिएटर, नवा फॅन, कूलंट, काटासुद्धा नवा!

*

आता गाडी तापत नाही. रविवारी झाड येतं, मागं जातं. अण्णा हॉर्न वाजवत सुसाट, अक्का खिडकीबाहेर बघत गप्प. माझा कॅन भरलेला जातो, भरलेला येतो.

आज दुपारी अण्णा घोरत होते, तेव्हा अक्का कुंपणापाशी आल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "मामा, येत्या रविवारी त्या झाडापाशी गाडी स्वल्प तापेल, असं कायतरी करा की हो!"