झाकण उघडलं की मागं

जुन्या गाड्या पाळणाऱ्यांकडं किस्से फार साठतात, कारण तापलेलं इंजिन निवेपर्यंत माणसांना बोलण्याशिवाय उद्योग नसतो. बसवकल्याणच्या आमच्या कंपूत गाड्या सहा आणि नियम एकच: वाटेत ज्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, तो रांगेत शेवटी. कुणाचं पाणी उकळलं, हे वेगळं विचारायलाच नको!

पहिला नंबर कायम राजेश्वर गावच्या वैजनाथअण्णाचा. आडत दुकानदार! आणि उभा जन्म बातमीदारीत घालवलेला मी त्याच्या डिकीचं कुलूप बघत चालणार. माझी एकच हौस होती. मुलीच्या लग्नात तरी माझी गाडी पुढं असावी.

*

कलबुर्गीच्या भंगार बाजारात मला पितळी रेडिएटर दिसला. चार थरांचा, जाळी शाबूत. आनंदाच्या भरात चहाच्या हॉटेलात बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी! संध्याकाळी तोच रेडिएटर अण्णाच्या गाडीत.

"अण्णा, ही बातमी माझी होती!"

"बातमी तुमचीच की हो साहेब. रेडिएटर माझा."

*

माझ्या नशिबी दोन थरांचाच राहिला. म्हणून मी इलेक्ट्रिक पंखा बसवला, स्वतः वायर जोडून. पंखा जोरात फिरला आणि गाडी पहिल्या चढालाच उकळली. अण्णानं जाळीसमोर हात धरला.

"साहेब, इंजिन गेलं उन्हात! तुमचा पंखा समोरच्या मंठाळ गावाला वारा घालायलाय!"

वायर उलट्या जोडल्या होत्या. हसायचं काय त्यात?

*

गौतम सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या जीपचं चार पौंडांचं झाकण काढून नव्या गाडीचं पंधरा पौंडांचं बसवलं. शास्त्र बरोबर होतं. रेडिएटरचे डाग देऊन जोडलेले जुने सांधे त्याला तयार नव्हते! चढावर खालची टाकी उसवली, रस्ताभर पाणी.

सर बॉनेटवर हात ठेवून उभे. "झाकण उघडलेलं न्हाई! खालून फुटलंय. नंबर कामून सोडू?"

तासभर वाद झाला. सर सुटले. मी सुटलो नसतो!

*

अण्णाची गाडी तापतच नाही, यात काहीतरी लबाडी आहे, अशी माझी पक्की खात्री. एकदा सगळे चहाला बसले असताना मी गुपचूप त्याचं बॉनेट उचललं आणि झाकणावर पंजा टेकवला.

माझी बोंब हॉटेलात ऐकू गेली.

अण्णा बशीत चहा ओतत म्हणाला, "छापा साहेब पेपरात. व्हय, गरम हुतीया!"

*

मग मीनलचं लग्न ठरलं. नवरदेव मंठाळचा, लग्नही तिथंच. "पप्पा, अण्णाकाकांच्या गाडीत बसू का?" असं माझीच लेक म्हणाली. दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही.

निघताना अण्णा म्हणाला, "आज नवरीची गाडी पुढं. आज नियम न्हाई."

"भीक नको! नियम राहू दे. पुढं मी राहतो का न्हाई, बघा!"

त्याच चढावर उकळली. मी फडकं घेऊन उतरलो, झाकण फिरवलं. वाफेनं फेट्याचा तुरा भिजला. मागं पाच गाड्या थांबल्या. नियम नियम होता. मी पाणी भरलं, मीनलकडं न बघता रिव्हर्स टाकला आणि नवरीला घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

अण्णा उतरला. बॉनेट उचललं. उपरण्यानं धरून झाकण काढलं आणि वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"माझंबी उघडलं. आता मी साहेबांच्या मागं."

"मग आम्ही काय पाप केलंय?" म्हणत गौतम सरांनी उघडलं. मग तिसरं, चौथं, पाचवं. एकेक गाडी मागं येऊन माझ्या पाठीशी लागली.

मीनल काच खाली करून टाळ्या पिटत होती. मी गाडीत बसण्याआधी अण्णाच्या रेडिएटरमध्ये वाकून बघून आलो.

लेकाच्या! पाणी तोंडाशी, आणि वाफ नावालासुद्धा नाही!