वर मागून घेतलेलं पातं

भूतबित असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. दुसऱ्याच्या किचनमध्ये भांडी घासून सुरुवात केली आणि अमेरिकेत ॲन आर्बर गावात स्वतःचं रेस्टॉरंट उभं केलं. मला कोणी फसवू शकत नाही असं वाटायचं... नोरा नावाच्या म्हातारीने फसवलं.

तिच्या पणजोबांची आयर्लंडमधल्या खेड्यात जवसाची गिरणी होती. ओढ्याच्या पाण्यावर लाकडी पाती गरगर फिरायची. कामगार कुजवून वाळवलेल्या जवसाच्या काड्यांची जुडी मुठीत धरून पात्यांपुढे करायचे - भुसा उडायचा, हातात लिननचा सोनेरी धागा उरायचा. गिरणी पाडल्यावर तुळया नोराच्या वडिलांनी इकडे आणल्या होत्या. त्या मला रेस्टॉरंटच्या सजावटीला हव्या होत्या.

सौदा ठरल्यावर सवयीने म्हणालो, "आता वर काहीतरी द्या." कोपऱ्यात कापडात गुंडाळलेलं गिरणीचं एक पातं होतं, त्याकडे बोट दाखवलं.

"ते नको," नोरा म्हणाली.

"का? ॲन्टिक म्हणून वेगळं विकणार?"

"घरात मुलगी आहे?"

"त्याचा काय संबंध? द्या, नाहीतर डील कॅन्सल!"

तिने ते उचलून दिलं.

पातं हॉलच्या भिंतीवर लावलं. दुसऱ्याच दिवशी घरात डबक्याचा वास सुटला. "उंदीर मेलाय कुठेतरी," सुनीता, माझी बायको, म्हणाली. मी प्लंबरवर खेकसलो. पाइप कोरडे होते.

शनिवारी भर दुपारी हॉलमध्ये आलो. आमची ईशा - आठवीतली - पात्यासमोर पाठमोरी उभी. मोकळ्या केसांचा पिळा मुठीत धरून ती पात्यापुढे करायची, मूठ उलटी करायची, पुन्हा पुढे. पातं जागचं हलत नव्हतं... पण केसांची टोकं तुटून खाली पडत होती.

"ईशा!"

"डोन्ट स्टॉप मी, बाबा. नेक्स्ट बंडल कुठंय?"

मी तिला मागे ओढलं. ती आली, केस आले नाहीत. पलीकडून कोणीतरी ओढत होतं. ईशा किंचाळली. "सुनीता, कात्री!" मानेपासून कापले तेव्हा सुटली.

त्याच संध्याकाळी पातं नोराच्या दारात आपटलं.

"मुलीने हात पुढे केला, की केस?" नोराने विचारलं.

"केस."

तिने डोळे मिटले. "मग तीच. गिरणीत जुड्या द्यायला एक पोर उभी असायची. तिची वेणी पात्यात अडकली."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही ऐकत होतात?"

हा काय जबाब झाला? म्हातारीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ईशाला काही आठवत नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्या दुपारी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. फक्त तिचे केस खांद्याला टेकले की मी तिला सलूनमध्ये नेतो. ती कुरकुरते, "बाबा, व्हाय?" मी गाडी काढतो. आणि तिथे मागतील तेवढे पैसे देतो... घासाघीस करत नाही.